ठिपक्याने सुरू होणाऱ्या फायली

मुक्त स्रोत टूलमध्ये बग सापडला तर आपणच दुरुस्त करून पाठवता येतो, हे कॉलेजात कितीदा तरी ऐकलं होतं. पण सुरुवात कुठून करायची, उत्तर कोण देतं, किती वाट पाहायची, मध्येच लाल फुली दिसली तर घाबरायचं की नाही, हे मराठीत सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून लिहितेय.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेतू चालवते. बीसीए केलंय, पायथन कामापुरतं येतं. टूलचं नाव घेत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांनी फुकट बनवलंय, आणि पुढे जे झालं त्यात माणसं चांगलीच वागली. टूलचं काम एवढंच, की पीडीएफचा आकार कमी करायचा. सरकारी पोर्टलला फाइल ठरावीक केबीच्या आत लागते आणि लोक मोबाइलवर फोटो काढून मोठाल्या पीडीएफ घेऊन येतात. एक कमांड मारली की आख्खा फोल्डर बारीक होऊन ‘तयार’ नावाच्या फोल्डरमध्ये पडतो. आतून ते घोस्टस्क्रिप्ट नावाचा पीडीएफ हाताळणारा प्रोग्रॅम चालवतं. माझं मशीन जुनं आहे, त्यावर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी लिनक्स टाकलंय. लायसन्सचा खर्च नाही आणि व्हायरसची कटकट कमी.

२०२४ चा जुलै कुठलाही सेतूवाला विसरणार नाही. एकीकडे लाडकी बहीण, दुसरीकडे एक रुपयाचा पीक विमा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, हमीपत्र, सातबारा, आठ-अ, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, दिवसभर नुसतं स्कॅन आणि अपलोड. ‘काऊन वं बाई, झालं का माहं?’ हे वाक्य झोपेतही ऐकू यायचं. त्या गर्दीत बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी सगळ्या सभासदांचे कागद पेनड्राइव्हवर मागितले. त्यांना दारव्ह्यात प्रिंट काढायच्या होत्या. ‘तयार’मध्ये त्यांच्याच फायली दिसत होत्या, बाकीच्या मी ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. तो फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकला.

दुपारी झेरॉक्सवाल्या दादाचा फोन. ‘ताई, याच्यात ह्या ठिपकेवाल्या फायली कायच्या हाय? गटाच्या फायलींसंग प्रिंटले गेल्या असत्या. एक उघडून पाह्यली तं तुमच्या गावच्या कोण्या माणसाचं आधार दिसून राह्यलं.’

लिनक्समध्ये फाइलच्या नावाची सुरुवात ठिपक्याने असली की ती लपलेली धरतात. फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही, पण फोल्डर कॉपी केला की तीही सोबत जाते. विंडोजला त्या ठिपक्याचं काहीच नाही, तिथे ती उघडी पडते. टर्मिनलवर ‘एलएस’ला ‘ए’ची जोड देऊन पाहिलं तर पडदाभर नावं: ठिपका, मग ‘टीएमपी’, मग आठ अक्षरांचा गोंधळ. काही फायली शून्य आकाराच्या, काही अर्धवट, आणि बऱ्याच चांगल्या पूर्ण. विमा भरून गेलेल्या, बहिणीचा अर्ज भरून गेलेल्या माणसांचे कागद. त्या माणसांना वाटत होतं की काम झालं, कागद घेऊन आपण घरी आलो.

तात्पुरत्या फायली राहिल्या की डिस्क भरते, एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. डिस्क स्वस्त आहे, भरली तर मोकळी करता येते. इथे आधार नंबर दुसऱ्याच्या पेनड्राइव्हवर तालुक्याला फिरून आला होता.

त्याच संध्याकाळी अध्यक्षबाईंकडून पेनड्राइव्ह परत आणून त्या फायली उडवल्या. झेरॉक्सवाल्याने त्याच्या डेस्कटॉपवर काही कॉपी केलं होतं का तेही विचारलं, आणि रिसायकल बिन रिकामा करायला लावला. सेतूवाल्यांसाठी सांगते: हे आधी करा, कोड नंतर बघा.

मग शोध. पहिला प्रश्न, टूल तात्पुरती फाइल आपल्याच फोल्डरमध्ये का करतं? अशा फायलींसाठी सिस्टिमचा ‘टीएमपी’ फोल्डर असतो, उबुंटू तो सुरू होतानाच रिकामा करतं. कोड वाचल्यावर कळलं की कारण रास्त आहे. आधी फाइल पूर्ण लिहायची आणि मग एका झटक्यात नाव बदलून खऱ्या फाइलच्या जागी बसवायची, म्हणजे मध्येच लाइन गेली तरी खरी फाइल अर्धवट राहत नाही. असं नाव बदलणं एकाच फाइल सिस्टिमवर चालतं, डिस्कवरून पेनड्राइव्हवर चालत नाही. म्हणून तात्पुरती फाइल शेजारीच करतात. पण शेजारी केली की सिस्टिमची झाडलोट तिथे पोचत नाही. मळणी झाल्यावर ताडपत्री वावरातच राहून जावी तसं. उचलायची तर ज्याने अंथरली त्यानेच.

टूल ती उचलत होतं, पण सगळं सुरळीत झालं तरच. ‘एसट्रेस’ लावून टूल सिस्टिमला काय काय सांगतं ते पाहिलं. फाइल उघडल्याची ओळ यायची, पुसल्याची ओळ कधी यायची, कधी नाही. तीन वाटा सापडल्या. पहिली, आणि सगळ्यात जास्त वेळा लागणारी: पीडीएफ आधीच बारीक असेल तर घोस्टस्क्रिप्टमधून ती उलट मोठी होऊन येते. टूल दोन्ही आकार ताडून बघतं, ‘मूळच बरी’ म्हणतं आणि फंक्शनमधून तिथूनच परत फिरतं. पुसायची ओळ त्याच्या खाली होती. म्हणून तर पूर्ण फायली राहत होत्या. दुसरी वाट खराब पीडीएफची, म्हणजे घोस्टस्क्रिप्टच आपटलं तर. तिसरी, चालू काम तोडायला कंट्रोल-सी मारलं किंवा टर्मिनलची खिडकीच बंद केली तर. कोडमध्ये चुका पकडायला ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ होतं, पण कंट्रोल-सीने येणारा ‘कीबोर्ड इंटरप्ट’ त्या जाळ्यात सापडत नाही. पायथनने तो मुद्दाम वेगळ्या घराण्यात ठेवलाय.

आता कळवायचं कसं? बहुतेक प्रकल्पांत ‘सिक्युरिटी’ नावाची एक फाइल असते, ती आधी वाचा. इथे लिहिलं होतं की खाजगी माहिती बाहेर पडत असेल तर उघड लिहू नका, मेल करा. ऑगस्टच्या सुरुवातीला मेल केला. मोडकंतोडकं इंग्रजी होतं, पण क्रमाने लिहिलं: कुठली आवृत्ती, कुठली सिस्टिम, कुठली कमांड, काय व्हायला हवं, काय होतं. आठवडा-दीड आठवडा काहीच नाही. मग दोन ओळींचं उत्तर आलं, की बाहेरचा माणूस याचा फायदा दुरून घेऊ शकत नाही, तेव्हा उघड इश्यू, म्हणजे सगळ्यांना दिसणारी तक्रार, टाकायला हरकत नाही, आणि दुरुस्ती पाठवणार असाल तर आनंद. त्यांनी इश्यूवर सीडब्ल्यूई-४५९ असा शेरा मारला. सॉफ्टवेअरमधल्या दोषांची एक सार्वजनिक यादी आहे, त्यात ‘अपुरी साफसफाई’ या प्रकाराचा हा क्रमांक. आपल्या तक्रारीला क्रमांक मिळाला की बरं वाटतं, मग ती तहसीलमधली असो की इंटरनेटवरची.

इश्यू लिहिताना दोन गोष्टी जपा. नमुना म्हणून गिऱ्हाईकाची फाइल कधीच जोडू नका. मी लिबर ऑफिसमध्ये एका ओळीची पीडीएफ केली, तीही बारीक करायला गेलं की मोठी होत होती, काम भागलं. आणि टर्मिनलवरचा मजकूर चिकटवण्याआधी वाचून घ्या. माझ्याकडे फोल्डरची नावंच माणसांची आहेत, ती सगळी त्या मजकुरात होती. ती काढून ‘अ’ आणि ‘ब’ केलं.

दुरुस्तीला बसले ते पोळ्याच्या आसपास. गिटहबवर, म्हणजे प्रकल्पांचा कोड जिथे ठेवतात त्या साइटवर, खातं काढायला पैसे लागत नाहीत. प्रकल्पाची आपली प्रत करायची, म्हणजे फोर्क, आणि ती मशीनवर उतरवायची. माझा सगळा कारभार मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि प्रकल्पाचा इतिहास मोठा, म्हणून ‘डेप्थ एक’ सांगून फक्त ताजी अवस्था उतरवली. पुढे इतिहास लागला तर ‘अनशॅलो’ करून आणता येतो. मला नंतर लागला, आणि त्या दिवशीचा डेटा पॅक त्यातच संपला, वरून टॉप-अप मारावा लागला. एकूण रोख खर्चाचा मोठा भाग तोच.

मूळ दुरुस्ती लहान होती. फाइल करणं आणि पुसणं एकाच ठिकाणी बांधलं, ‘ट्राय’ आणि ‘फायनली’मध्ये, म्हणजे फंक्शनमधून कुठल्याही दाराने बाहेर पडलं तरी पुसणं होतंच. नाव बदलून झालं असेल तर फाइल त्या नावाने उरलेलीच नसते, तेव्हा ‘नसली तरी चालेल’ असं सांगायचं. पायथन ३.८ पासून त्याला ‘मिसिंग ओके’ म्हणून सोय आहे.

खरा वेळ गेला तो सिग्नलमध्ये, म्हणजे सिस्टिम चालू प्रोग्रॅमला देते त्या इशाऱ्यांत. कंट्रोल-सी पायथनला कळतो आणि ‘फायनली’ चालतं. पण खिडकी बंद केली की सिग्नल १ येतो आणि ‘किल’ कमांड साधी मारली की सिग्नल १५. या दोन्हींत पायथन काही न आवरता जागीच संपतं, ‘फायनली’ पाहत नाही. ‘अ‍ॅटएक्झिट’मध्ये काम नोंदवून ठेवलं तरी तेही चालत नाही. त्यावर उपाय म्हणजे सिग्नल पकडून त्याचं साध्या ‘एक्झिट’मध्ये रूपांतर करायचं, मग ‘फायनली’ चालतं. सिग्नल ९ मात्र कुणालाच पकडता येत नाही. आणि लाइन गेली तर पकडायला शिल्लकच कोण राहतं? आमच्याकडे उन्हाळ्यात इन्व्हर्टर दम धरत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नव्हता.

प्रत्येक वाटेसाठी एकेक चाचणी लिहिली. ‘पायटेस्ट’ प्रत्येक चाचणीला कोरा फोल्डर देतं. टूल चालवायचं आणि शेवटी त्या फोल्डरमध्ये अपेक्षित फाइलीशिवाय दुसरं काही नाही ना, ते बघायचं. चाचणी आधी लिहून जुन्या कोडवर ती नापास होते का हेही पाहा. नापास झाली नाही तर तुमची चाचणी भलतंच काहीतरी तपासतेय.

तान्हा पोळा झाल्यावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल मूळ प्रकल्पात घ्या अशी विनंती, टाकली. आता कागदपत्रं. हो, इथेही असतात. या प्रकल्पात प्रत्येक कमिटखाली, म्हणजे नोंदवलेल्या बदलाखाली, ‘साइन-ऑफ’ची ओळ लागते. हे काम माझं आहे आणि या लायसन्सखाली द्यायचा मला हक्क आहे, असं ते स्वयंघोषणापत्रच, पीकपेऱ्याच्या जातीचं. कमिट करताना ‘एस’ची जोड दिली की ओळ आपोआप येते. ती ओळ आणि तुमचा ईमेल कायमचा जगजाहीर राहतो, म्हणून गिटहबच्या सेटिंगमध्ये आधीच ईमेल लपवायचा पर्याय घ्या. ते बदली पत्ता देतात, तो गिटमध्ये टाका. बदलांच्या नोंदवहीत, म्हणजे चेंजलॉगमध्येही एक ओळ लिहावी लागली.

पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या पुल रिक्वेस्टवर आपोआपच्या चाचण्या लगेच चालत नाहीत, प्रकल्पातल्या कुणीतरी परवानगी द्यावी लागते. हे मला माहीत नव्हतं. पिवळा गोल नुसता तसाच दिसत राहिला. गणपती बसले तरी पिवळाच. अशा वेळी रोज आठवण करू नका. ही माणसं नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात. आठवड्याने एक सभ्य ओळ टाकली तर चालते. मी टाकली, दुसऱ्या दिवशी परवानगी आली.

आणि लाल फुल्या आल्या. उबुंटूवर हिरवं, मॅकवर हिरवं, विंडोजवर सगळं लाल. चूक क्रमांक ३२: ही फाइल दुसरी प्रोसेस वापरतेय. लिनक्समध्ये उघडी असलेली फाइलही पुसता येते, नाव जातं आणि वापरणारा संपला की जागा सुटते. विंडोज तसं करू देत नाही. पण वापरतंय कोण? माझ्याकडे विंडोज नाही. दारव्ह्याच्या झेरॉक्सवाल्या दादालाच फोन केला. तो म्हणाला, ‘दुपारून या, तवा गिऱ्हाईक नसते.’ एसटीला बाईमाणसाचं अर्धं तिकीट, ते एक सुख.

त्याच्या मशीनवर पायथन, गिट आणि घोस्टस्क्रिप्ट टाकायलाच तासभर गेला. लॅमिनेशनच्या वासात बसून एकेक ओळ छापत गेले तेव्हा सापडलं. ‘एमकेएसटेम्प’ हे फंक्शन फाइलचं नुसतं नाव देत नाही, ती उघडून तिची मूठही हातात देतं. सगळं सुरळीत झालं की जुना कोड ती मूठ सोडून मग नाव बदलत होता. मधूनच परत फिरला की सोडतच नव्हता. म्हणजे आम्हीच फाइल धरून ठेवायची आणि आम्हीच पुसायला जायचं. लिनक्स हे चालवून घेत होतं, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही. मूठ फाइल झाल्या झाल्या सोडून दिली. विंडोजवर हिरवं झालं. दादाने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजू दिला. जाताना विचारलं, ‘आता त्या ठिपकेवाल्या येनार नाहीत ना?’

मग परीक्षण. इथे लोकांचा धीर सुटतो असं ऐकलंय, पण मला हा भाग सगळ्यात आवडला. देखभाल करणाऱ्याने तीन गोष्टी विचारल्या. एक, सिग्नल पकडायचा कोड तू लायब्ररीच्या फंक्शनमध्ये ठेवलास, तो कमांडच्या प्रवेशदारात ने. कारण कुणी हे फंक्शन आपल्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या थ्रेडमधून, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यातून, वापरलं तर पायथन तिथे सिग्नल लावूच देत नाही, चूक फेकतं. शिवाय दुसऱ्याच्या घरात आपले नियम लावायचे नाहीत. पटलं. दुसरं, सिग्नल १५ ने टूल थांबलं तर बाहेर पडताना १४३ हाच क्रमांक दे, म्हणजे १२८ अधिक १५. लोकांच्या स्क्रिप्टा त्यावर विसंबून असतात. तिसरं, टूल थांबलं तरी आत चालू असलेलं घोस्टस्क्रिप्ट थांबतं का? कंट्रोल-सी टर्मिनलवरून दोघांनाही जातो, पण ‘किल’ फक्त टूलला. म्हणून आधी पोराला, म्हणजे घोस्टस्क्रिप्टला, थांबवायचं, ते थांबेस्तोवर वाट पाहायची आणि मग फाइल पुसायची, या क्रमाने लिहिलं.

लाइन जाण्याचा मुद्दा मीच काढला. लिनक्समध्ये कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ३.११ आवृत्तीपासून ‘ओ टीएमपीफाइल’ नावाची सोय आहे, फाइल नाव न ठेवताच करता येते. नावच नाही तर मागे राहायचं काय? पण ती विंडोजवर नाही, पेनड्राइव्हच्या फॅट फाइल सिस्टिमवर चालत नाही, आणि शेवटी नाव देताना आधीपासून असलेल्या फाइलच्या जागी थेट बसवता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे टूल सुरू होताना मागच्या वेळच्या शिळ्या फायली पुसायच्या. पण त्याच फोल्डरवर दुसऱ्या खिडकीत टूल चालू असेल तर त्याची चालू फाइलच उडेल. आम्ही दोघांनी ते सोडून दिलं आणि माहितीपत्रकात एक परिच्छेद घातला. मला ते अर्धवट वाटतं, अजूनही. पण अर्धवट उपाय लिहून ठेवलेला असला की पुढचा माणूस शून्यापासून सुरू करत नाही.

दसऱ्यानंतर एका सकाळी सोयाबीनच्या मळणीची घाई चालू असताना मोबाइलवर जांभळा शिक्का दिसला: मर्ज झालं, म्हणजे माझा बदल मूळ कोडमध्ये गेला. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, ‘पैसे भेटते का याचे?’ भेटत नाहीत. नवी आवृत्ती आली ती विधानसभेच्या मतदानाच्या आठवड्यात.

तुम्ही हेच टूल किंवा असंच दुसरं वापरत असाल तर नव्या आवृत्तीने आधीच्या फायली जात नाहीत, त्या आपल्याच हाताने काढाव्या लागतात. ‘फाइंड’ कमांडने ठिपका-टीएमपीने सुरू होणारी नावं शोधा, आधी नुसती यादी पाहा, ‘एम टाइम’ लावून कालच्या-आजच्या फायली वगळा आणि खात्री झाली की मगच ‘डिलीट’ जोडा. एसएसडी असेल तर ‘श्रेड’ने, म्हणजे फाइलीवर वरून भलतंच लिहून, पुसल्याचं समाधान करून घेऊ नका. एसएसडी नवं लिखाण वेगळ्याच जागी टाकते, जुनं खाली राहू शकतं. त्यापेक्षा डिस्क मुळातच एन्क्रिप्ट केलेली बरी, मी आता तसंच केलंय. बॅकअपची प्रतही तपासा, माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर जुलैचा आख्खा ‘तयार’ फोल्डर निघाला. आणि उबुंटूच्या भांडारातून टूल घेतलं असेल तर तिथे जुनीच आवृत्ती बराच काळ राहते. ‘पिपएक्स’ या पायथनचे प्रोग्रॅम बसवायच्या साधनाने घ्या, आणि आवृत्ती एकदा विचारून पाहा.